डंपर गेला, टिपर आला

कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७३ मध्ये पूर्ण झाले, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स स्थापन झाली आणि चंद्रपूर-वणी पट्ट्यात खुल्या खाणी पसरत गेल्या. खुल्या खाणीत कोळशाआधी वरची माती आणि दगड, म्हणजे ओबी, हलवावी लागते. ती कशातून न्यायची, याचे उत्तर गेल्या पन्नास वर्षांत पार बदलले.

सुरुवातीला फारसा वाद नव्हता. खाण पंचवीस-तीस वर्षे चालणार, यंत्रे कंपनीची, ऑपरेटरही कंपनीचे. त्यामुळे भारत अर्थ मूव्हर्सचे ३५ टनी डंपर आले, पुढे ८५ टनी. शॉव्हेलच्या पाच-सहा बकेटांत भरायचे आणि सोळा मीटरला एक मीटर चढणाऱ्या हॉल रोडने डंपवर, म्हणजे ओबीच्या ढिगाऱ्यावर, न्यायचे. हे धूड सार्वजनिक रस्त्यावर उतरवायचेच नव्हते. कुंपणाच्या आत राबणाऱ्या अशा डंपरवर मोटार वाहन कर बसत नाही, असा निकाल १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातल्या बोलानी ओअर्सच्या खटल्यात दिला होता.

पुढे ओबीचे काम कंत्राटावर जाऊ लागले. १९९८ मध्ये व्होल्वोने बंगळुरूजवळ होसकोटेला ट्रक बांधायला सुरुवात केली आणि बारा चाकी टिपर, म्हणजे मागची बॉडी उचलून माल ओतणारे रस्त्यावरचे ट्रक, खाणींत दिसू लागले. मागोमाग देशी कंपन्यांचेही आले. तीन-चार वर्षांच्या कंत्राटात डंपरची किंमत वसूल होणे कठीण. शिवाय काम संपले की डंपर खोलून ट्रेलरवर लादावा लागतो, टिपर मात्र रिकामा होऊन स्वतःच पुढच्या साइटला निघतो. त्याचे सुटे भाग आणि मिस्त्री चंद्रपुरातच मिळतात, आणि विकायला काढला तर गिऱ्हाईकही. एखादा टिपर बंद पडला तरी बाकीचे फेऱ्या मारतच राहतात.

टिपरची दुसरी बाजू पावसाळ्यात दिसते. वर्धा खोऱ्यातली काळी माती भिजली की बॉडीला चिकटून बसते. डंपवर बॉडी वर उचलली, अर्धा माल खाली पडला, अर्धा एका कडेला अडकला, की तोल जाऊन टिपर आडवा होतो. कित्येक मोठ्या डंपरांत इंजिनाचा गरम धूर बॉडीच्या पोकळीतून फिरवतात, त्यामुळे माती सुटते. उताराचेही तसेच: भरलेल्या डंपरला तेलाने थंड होणारे ब्रेक आणि रिटार्डर आवरतात. शिवाय एका ८५ टनी डंपरच्या मालाला तीन-चार टिपर लागतात. म्हणजे तितके जास्त चालक, तितकी जास्त धूळ आणि डंपच्या कडेला तितक्या वेळा रिव्हर्स.

एवढे असूनही टिपर जिंकला, तो कंत्राटाच्या मुदतीमुळे. आता वेस्टर्न कोलफिल्ड्सची मूळ कंपनी कोल इंडिया काही खाणी पंचवीस वर्षांच्या करारावर खासगी कंपन्यांना चालवायला देऊ लागली आहे. इतकी मुदत हातात असलेला कंत्राटदार मोठ्या डंपरचा हिशोब नव्याने मांडेल. माल गेटबाहेर रस्त्याने न्यायचा असेल, तर मात्र टिपरला पर्याय नाही.