भक्षकाच्या पोटातला परजीवी

कोलकात्याजवळच्या डमडम छावणीत तापाने खंगलेला एक सैनिक इंग्लंडला परत गेला आणि तिथे दगावला. 1900 साली विल्यम लीशमन यांनी त्याच्या पानथरीचा लेप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा त्यांना बारीक अंडाकार कण दिसले. 1903 मध्ये त्यांनी ते जाहीर केले आणि त्याच वर्षी मद्रासमध्ये चार्ल्स डोनोव्हन यांनाही तेच सापडले. म्हणून या तापाच्या, म्हणजे काला आझारच्या, परजीवीचे नाव लीशमानिया डोनोव्हनी.

असा लेप पाहण्यासारखा असतो. रंगवलेली काचपट्टी, तेलाचा थेंब, हजारपट मोठी प्रतिमा. मधोमध एक फुगलेली भक्षक पेशी आणि तिच्यात दाटीवाटीने बसलेले दोन ते चार मायक्रॉनचे कण. प्रत्येक कणात एक गोल केंद्रक आणि शेजारी गडद काडीसारखा कायनेटोप्लास्ट. ही जोडी दिसली की निदान पक्के. जंतू गिळून आम्लात जिरवणे हे या पेशीचे काम. हा परजीवी मात्र नेमका त्या आम्लाच्या पिशवीतच मुक्काम ठोकतो, तिथेच वाढतो. पेशी फुटली की शेजारची पेशी त्याला गिळते.

पुढचा उलगडा कोलकात्यातच झाला. 1904 मध्ये लिओनार्ड रॉजर्स यांनी रुग्णांच्या पानथरीतले रक्त कमी तापमानाला ठेवले, तर कणांना शेपूट फुटून ते पोहू लागले. माणसाबाहेर या परजीवीचे दुसरे रूप आहे, हे त्यातून कळले. ते रूप 1924 मध्ये नोल्स, नेपियर आणि स्मिथ यांना रुग्णांचे रक्त प्यायलेल्या वाळूमाशीच्या पोटात दिसले. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून केलेले हे काम मला औषधाच्या शोधाइतकेच मोलाचे वाटते.

औषधही याच शहरातले: उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांचे यूरिया स्टिबामाइन. 1922 मध्ये ब्रह्मचारींनीच आणखी एक गोष्ट दाखवली. ताप गेलेल्या काही रुग्णांच्या त्वचेत परजीवी तग धरून राहतो.

आज बोटाच्या थेंबावर काही मिनिटांत चाचणी होते. पण ती प्रतिपिंडे शोधते आणि प्रतिपिंडे रुग्ण बरा झाल्यावरही बराच काळ रक्तात राहतात. परजीवी जिवंत आहे की नाही, हे तिला सांगता येत नाही. म्हणून काचपट्टी वाचणारी माणसे घडवत राहायला हवीत. बिहार, झारखंड किंवा बंगालमधून आलेल्या, पूर्वी काला आझार होऊन गेलेल्या कुणाच्या चेहऱ्यावर फिकट चट्टे किंवा गाठी दिसल्या, तर कोड किंवा कुष्ठ समजून थांबू नका. डॉक्टरांना जुन्या तापाबद्दल आवर्जून सांगा. त्या चट्ट्यांतूनही वाळूमाशी परजीवी उचलते.