ऊद काठावर राहतो

मुंबई-गोवा महामार्गावर इंदापूरला वळलं की रस्ता तळ्याला जातो. गाव तळा आणि पाण्याचं ते तळं, पण बोलताना दोन्हींचं ‘तळ्याला’च होतं. सुट्टीचा पाहुणा तळगड चढतो, पुढे कुड्याची 26 बौद्ध लेणी बघतो, खालच्या खाडीचा फोटो काढतो आणि परततो. पाण्याच्या कडेला वाकून पाणमांजराच्या खुणा बघणारा विरळाच.

पाणमांजर शोधायचं तर आधी त्याची विष्ठा शोधावी लागते. पाण्यालगतचा उंच खडक, नाहीतर बांधाचं टोक. तिथे काळपट लगदा, वास कडक माशाचा. वाळलेला असेल तर काडीने उकलावा: आत खवले, काटे, खेकड्याच्या कवचाचे तुकडे. सगळं कुटुंब एकाच जागी येऊन विधी उरकतं. इथे आमची वस्ती आहे, असं सांगणारी ही त्यांची पाटी.

कोकणात याला ऊद म्हणतात. रात्री कौलांवर खुडबुड करतं ते उदमांजर. त्याचा याच्याशी संबंध नाही. आपल्याकडची खाडी आणि गोडं पाणी दोन्हीकडे राहणारी जात अंगाने चांगली थोराड, वजन 7 ते 11 किलो. ती कुटुंब करून राहते, शिट्टीसारखे आवाज काढत एकमेकांना हाका मारते आणि अर्धवर्तुळ करून मासे घेरते.

पाण्यात एवढा वेळ घालवणाऱ्या या प्राण्याच्या कातडीखाली देवमाशासारखा चरबीचा थर नसतो. ऊब राखते ती दाट लव. म्हणून बाहेर येऊन वाळूत, गवतात अंग घासणं ही त्याची चैन नाही, गरज आहे. पिल्लंही काठाच्या बिळात, मुळांच्या पोकळीत, दगडांच्या सांदीत वाढतात. मासे पाण्यात असले तरी याचा संसार काठावर आहे.

आणि पर्यटनाची पहिली कुदळ नेमकी काठावर पडते. तलावाचं ‘सुशोभीकरण’ म्हणजे काय, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे: दगडी भिंत, फरशीची वाट, रंगीत दिवे, वर एक सेल्फी पॉइंट. गवत गेलं, बिळं बुजली. सिंगापुरात पाणमांजरं काँक्रीटच्या कालव्यांतही दिसतात हे खरं. पण तिथे आधी नद्या स्वच्छ झाल्या, आणि कालव्यालगत हिरवळीच्या बागा आहेत. आपण नुसती भिंत उचलून आणतो.

गोव्यात चोडणच्या खाजणांत पाणमांजरांचा अभ्यास होतो, तो खुणा वाचून आणि आपोआप फोटो टिपणारे कॅमेरे लावून. प्राण्याच्या मागे धावून नव्हे. पाहुण्यानेही तेच करावं. ‘नक्की दाखवतो’ म्हणणाऱ्या होडीवाल्याला नकार द्यावा. इंजिन लांब बंद करावं, ड्रोन घरी ठेवावा, कुत्रा तर मुळीच आणू नये. फोटो टाकलाच तर जागेचं नाव टाकू नये. 2019 साली या जातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करावा लागला, त्यामागे पाळीव उदांची वाढती हौस होती, आणि ती हौस वाढवली ‘किती गोड’ म्हणत फिरणाऱ्या व्हिडिओंनी.

मासेमाराला तो गोड वाटत नाही. ऊद जाळं फाडतो, अडकलेला मासा पळवतो. हा राग समजण्यासारखा आहे. म्हणूनच पाहुण्याचा पैसा या मासेमाराच्या घरी जायला हवा. बाणकोट खाडीपलीकडच्या वेळासमध्ये कासवांची पिल्लं बघायला येणारे लोक गावातल्याच घरांत उतरतात, तिथेच जेवतात. तळ्याकडे तसं व्हायला हॉटेल लागत नाही. एक खोली, भाकरी, कालवण आणि काठ ओळखणारा माणूस पुरे.

तो माणूस चिखलातला ठसा दाखवील. कुत्र्याची चार बोटं उमटतात, उदाची पाच, मध्ये पडद्याची पुसट रेघ. कडा अजून ओल्या असतील तर तो पुढे नेणार नाही. तिथूनच मागे वळायचं.