शेततळ्यातील मासे अंडी केव्हा घालतात?

सिंचनासाठी शेततळे घ्यावयाचे आणि साठलेल्या पाण्यात मासे वाढवून जोड उत्पन्न मिळवावयाचे, ही पद्धत आता गावोगाव रुजली आहे. शेतकरी मेळाव्यात मत्स्यपालनाचा विषय निघाला, की एक प्रश्न हमखास विचारला जातो. "एकदा बी सोडले, म्हणजे पुढे मासे आपोआप वाढत जातील ना?" या प्रश्नाच्या चुकीच्या उत्तरापायी शेतकऱ्याची दोन-दोन वर्षे वाया जातात. म्हणून हा विषय नीट समजून घेणे आवश्यक आहे.

मराठवाड्यातील एका शेतकरी बंधूंचा अनुभव यासाठी पुरेसा बोलका आहे. त्यांनी ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद शेततळ्यात कटला, रोहू व मृगळ यांची ५०० बोटुकली सोडली. पहिल्या वर्षी विक्री चांगली झाली. निम्मे मासे त्यांनी 'बियाण्यासाठी' मागे ठेवले आणि पुढील सलग दोन पावसाळे नवीन बी विकत घेतले नाही. दुसऱ्या पावसाळ्यात एक रोहू कापली, तेव्हा पोटात अंड्यांच्या पिशव्या गच्च भरलेल्या होत्या. त्यांची आशा वाढली. उन्हाळ्यात पाणी आटल्यावर जाळे ओढले, तर हाती आले ते तेच जुने मासे. पिलू एकही नाही.

"मोठ्या माशांनी पिले खाल्ली असतील," असे मी त्यांना सांगितले. माझा विषय पिकांचा. मत्स्यशास्त्राच्या सहकाऱ्यांना विचारले, तेव्हा माझे उत्तर चुकल्याचे कळले. पिले खाल्ली गेली नव्हती, मुळात अंडी घातलीच गेली नव्हती.

कटला, रोहू, मृगळ तळ्यात अंडी का घालत नाहीत?

हे तिन्ही नदीतील मासे आहेत. जून ते सप्टेंबर हा त्यांचा विणीचा हंगाम. नदीला पूर येतो, पाणी काठावरील उथळ भागात पसरते, पाण्याला ओढ असते, त्याचे तापमान उतरते. अशा वेळी मासे प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने वर चढतात आणि उथळ पाण्यात अंडी घालतात. मृगाच्या पावसात ओढ्यांना चढणीचे मासे येतात, ते आपण पाहतोच. काही मोठ्या जलाशयांतही वरच्या अंगाने येणाऱ्या नदीत हे मासे चढून जातात. शेततळ्यातील पाणी मात्र स्थिर असते.

माशाचे वय झाले, खाद्य चांगले मिळाले, म्हणजे तळ्यातही त्याच्या पोटात अंडी तयार होतात. मृगळ व रोहू साधारण दुसऱ्या वर्षी, तर कटला दोन ते तीन वर्षांत वयात येते. रोहूच्या मादीत वजनाच्या दर किलोमागे सुमारे दोन ते तीन लाख अंडी असतात. परंतु अंडी तयार होणे आणि ती बाहेर टाकणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पुराच्या पाण्याचा संकेत मिळाला, तरच मेंदूखालील पीयूषिका ग्रंथीतून पुरेशी संप्रेरके रक्तात येतात आणि अंडी सुटतात. तो संकेत न मिळाल्यास पावसाळा संपता संपता अंडी पोटातच जिरून जातात.

कांदा उत्पादकांना हे सहज समजेल. कांदा जमिनीत कितीही पोसला, तरी थंडी लागल्याशिवाय डेंगळा येत नाही. माशाचेही तसेच आहे. त्याला थंडीऐवजी पूर लागतो.

याच तत्त्वावर पुढे मार्ग निघाला. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी व डॉ. के. एच. अलीकुन्ही यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. या घटनेची आठवण म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन पाळला जातो. आज बीजकेंद्रात तयार संप्रेरकांचे इंजेक्शन देऊन आणि गोलाकार टाक्यांत पाणी फिरते ठेवून याच पद्धतीने बी तयार केले जाते. गवत्या आणि चंदेरा हे चिनी मासेदेखील शेततळ्यात आपोआप वीत नाहीत. त्यांचेही बी बीजकेंद्रातूनच आणावे लागते.

तळ्यात आपोआप वाढणारे मासे

*सायप्रिनस (कॉमन कार्प) :* हा मासा स्थिर पाण्यात सहज अंडी घालतो. सहा महिने ते एक वर्षात वयात येतो. वर्षभर थोडीफार वीण चालू असली, तरी जानेवारी ते मार्च आणि जुलै-ऑगस्ट हे त्याचे मुख्य काळ आहेत. अंडी चिकट असल्याने ती पाणवनस्पती, बुडालेल्या फांद्या, दोर अशा आधाराला चिकटतात व दोन ते तीन दिवसांत फुटतात. पिले फार झाली, तर कटला-रोहूच्या खाद्यात वाटेकरी वाढतात. शिवाय हा मासा तळ उकरतो, त्यामुळे मातीच्या तळ्यात पाणी गढूळ होते व बांधाची आतील बाजू पोखरली जाते.

*तिलापिया :* मोझांबिक तिलापिया १९५२ साली भारतात आणला गेला. तो दोन ते तीन महिन्यांतच वयात येतो आणि उष्ण हवामानात साधारण महिन्या-सव्वा महिन्याने पुन्हा वितो. नर तळाशी खड्डा करतो, मादी त्यात अंडी घालून ती तोंडात घेते आणि पिले सुटी होईपर्यंत तोंडातच सांभाळते. म्हणून पिले जगण्याचे प्रमाण मोठे असते. परिणामी तळे बोटाएवढ्या माशांनी भरून जाते आणि बाजारात चालेल असा मासा मिळत नाही. सुधारित तिलापियाचे संवर्धन करावयाचे असल्यास प्रथम मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी घ्यावी.

*मरळ व ओढ्यातील किरकोळ मासे :* ओढ्याचे पाणी तळ्यात घेताना हे मासे व त्यांची अंडी आत येतात. मरळ स्थिर पाण्यातही वितो आणि पिलांची राखण करतो. तो मांसाहारी असल्याने आपण सोडलेली बोटुकली फस्त करतो. पाणी घेण्याच्या पाइपास बारीक जाळी बांधणे हा सोपा उपाय आहे.

मासे विताहेत की गुदमरताहेत?

पहाटे तळ्यावर खळबळ दिसली, की मासे वीत आहेत असा समज होतो. येथे फसगत होऊ देऊ नये. सायप्रिनस वीत असल्यास दोन-तीन नर एका मादीचा पाठलाग करतात. काठालगतच्या वनस्पतीत सपसप आवाज होतो आणि नंतर तेथे मोहरीहून लहान, फिकट पिवळी अंडी चिकटलेली दिसतात. याउलट सर्वच मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करीत असतील, तर पाण्यातील प्राणवायू कमी झाला आहे असे समजावे. ढगाळ हवेत हे विशेष घडते. अशा वेळी खाद्य व शेणखत त्वरित बंद करावे, ताजे पाणी सोडावे किंवा तळ्यातीलच पाणी पंपाने उचलून फवाऱ्यासारखे परत पाडावे. उशीर केल्यास एका सकाळी सर्व मासे मरू शकतात.

बियाण्याचे नियोजन

१. कटला, रोहू, मृगळ यांचे बी दरवर्षी विकत घ्यावे. जुने मासे 'बियाण्यासाठी' राखू नयेत. वयात आल्यावर त्यांची वाढ मंदावते व खाद्याचा खर्च चालूच राहतो.

२. बी सोडण्यापूर्वी उन्हाळ्यात तळे पूर्ण वाळवावे. ते शक्य नसल्यास नको असलेले मासे मारण्यासाठी मोहाची पेंड वापरावी. दहा गुंठ्यांच्या तळ्यात एक मीटर पाणी असल्यास २०० ते २५० किलो पेंड लागते. त्यानंतर तीन आठवडे बी सोडू नये व ते पाणी जनावरांना पाजू नये.

३. दहा गुंठ्यांस ५०० बोटुकली सोडावीत. प्रमाण कटला २००, रोहू १५० व मृगळ १५० असे ठेवावे. प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्यात तळाशी खाद्य कमी असते, म्हणून मृगळ कमी करून रोहू वाढवावी.

४. पाणी फेब्रुवारी-मार्चपर्यंतच टिकत असल्यास जिरे किंवा लहान बी घेऊ नये. मागील हंगामातील राखलेली, किमान ७५ ते १०० मि.मी. लांबीची बोटुकली तळे भरताच सोडावीत.

५. बियाण्याची पिशवी १५ ते २० मिनिटे तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवून मगच उघडावी. हे काम सकाळी किंवा सायंकाळी करावे.

घरचे बी हवे असल्यास

स्वतःचे बी तयार करण्याची हौस असणाऱ्यांनी सायप्रिनसपासून सुरुवात करावी. तळ्याच्या कडेला दोन मीटर लांब, एक मीटर रुंद व एक मीटर खोल असा कापडी हापा बांधावा. पोट हलके दाबताच पांढरा द्रव देणारा नर आणि मऊ, फुगीर पोटाची मादी निवडावी. एका मादीबरोबर एकूण तिच्याच वजनाचे दोन नर सायंकाळी हाप्यात सोडावेत. किलोभर मादीसाठी दोन किलो हायड्रिला स्वच्छ धुऊन टाकावा. बहुधा सकाळपर्यंत अंडी घातली जातात. लगेच मोठे मासे बाहेर काढावेत, अन्यथा ते अंडी खातात. पांढरी पडलेली अंडी निकामी समजावीत.

पिले बाहेर पडल्यावर दोन-तीन दिवस पोटाखालील पिशवीतील अन्नावर जगतात. त्यानंतर ती लहान संगोपन तळ्यात सोडून भुईमुगाची पेंड व भाताचा कोंडा समप्रमाणात बारीक करून द्यावा. तत्पूर्वी पाणकिड्यांचा बंदोबस्त करणे अत्यावश्यक आहे. त्यासाठी दर गुंठ्यास १८० ग्रॅम साबण व ५६० ग्रॅम स्वस्त तेल यांचे मिश्रण, वारा नसताना, जिरे सोडण्याच्या आदल्या दिवशी पाण्यावर पसरावे.

आरंभी उल्लेख केलेल्या शेतकरी बंधूंनी तिसऱ्या वर्षी जुने मासे विकून टाकले, तळे वाळविले आणि पुन्हा ५०० बोटुकली आणली. आता त्यांच्या वहीत खत-बियाण्याच्या खर्चाशेजारी मत्स्यबीजाचा खर्च दरवर्षी लिहिलेला असतो. शेताला जसे दर हंगामात बियाणे लागते, तसेच तळ्यालाही लागते. आपल्या तळ्यात कोणता मासा आहे आणि तो तेथे वितो किंवा नाही, हे आधी पाहावे व त्याप्रमाणे पावसाळ्यापूर्वीच बियाण्याची मागणी नोंदवावी.