आवाजाने मोजलेली हवा

थंडी पडू लागली की अहमदपूरला दूरच्या खेड्यातली काकड आरती पहाटे स्वच्छ ऐकू येते. दुपारी तोच भोंगा गावाबाहेर पोचत नाही. वारा पडला म्हणून, असे आमच्याकडे सांगतात. ते अर्धेच खरे. रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते. आवाजाचा वेग दर अंशाला सेकंदामागे सुमारे ०.६ मीटरने वाढतो. त्यामुळे वरच्या उबदार थरात शिरलेला आवाज खाली वाकून जमिनीकडे परततो. चुलींचा धूर चादरीसारखा गावावर पसरून राहतो, तोही याच उबदार झाकणाखाली.

हे झाकण किती उंचीवर आहे, ते आवाजानेच मोजता येते. त्या यंत्राचे नाव सोडार. आकाशाकडे साधारण २००० हर्ट्‌झची छोटी शिट्टी सोडायची आणि गप्प राहून ऐकायचे. थंड-उबदार हवा जिथे घुसळत असते, तिथून अगदी क्षीण पडसाद येतो. दोन सेकंदांनी आला, तर उंची सुमारे ३४० मीटर. स्वर किंचित चढला तर हवा खाली येते आहे, उतरला तर वर जाते आहे; सेकंदाला एक मीटर गतीमागे फरक जेमतेम १२ हर्ट्‌झचा. आलेख पाहण्यासारखा असतो. दुपारी जमिनीतून कणसांसारखे उभे झोत, रात्री आडवा काळा पट्टा. ऊन चढले की तो पट्टा उचलला जातो आणि फाटतो.

निरभ्र हवेतूनही पडसाद येतो, हे जॉन टिंडल यांनी १८७३-७४मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावर धुक्यातल्या भोंग्यांवर प्रयोग करताना नोंदले. त्याचे उपकरण व्हायला जवळपास शतक लागले. आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने सोडारवर बरेच काम केले, मुंबईच्या ‘समीर’नेही असे यंत्र बनवले.

शहराला याची गरज का? झाकण १००० मीटरवरून १०० मीटरवर उतरले, तर तेवढ्याच धुराला दहावा हिस्सा जागा उरते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाके तेवढेच उडाले, तरी एका वर्षी घसा धरतो, एका वर्षी नाही, त्यामागे वाऱ्याइतकाच या झाकणाचा हात असतो. जमिनीवरच्या धुळीचा आकडा ही उंची सांगत नाही.

अडचण एकच, पण मोठी: गोंगाट. वाहने, पाऊस, पाखरेही पडसाद बुडवतात. यंत्राभोवती आवाज शोषणाऱ्या भिंती लागतात. शिवाय रात्रभर शिट्टी कोणता शेजारी सोसेल? मला विचाराल तर नांदेडसाठी विष्णुपुरीचे विद्यापीठाचे आवार बरे. शहराच्या उष्म्याचा फरक तेवढा हिशेबात धरावा लागेल.