गुडघ्याजवळची हाडाची गाठ : लवणीत ठोके लागले तर थांबू नका

अंबड-घनसावंगीकडची आपली कितीतरी मुले पोलीस भरतीसाठी पहाटे धावतात, कितीतरी आई-वडिलांसोबत ऊसतोडीला जातात. एखाद्याच्या गुडघ्याजवळ हाडाला टणक उंचवटा असतो. 'लहानपणापासून आहे,' असे सांगून घरचे विषय संपवतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते.

या गाठीला ऑस्टिओकॉन्ड्रोमा म्हणतात. हा कर्करोग नव्हे. वाढीच्या वयात हाडाच्या टोकाजवळ एक फाटा फुटतो, त्यावर कूर्चेची टोपी असते. उंची वाढायची थांबली की तोही सहसा थांबतो.

धोका आहे तो शेजारच्या धमनीला. पायाला रक्त नेणारी मुख्य धमनी गुडघ्याच्या लवणीतून हाडाला लागूनच जाते. तिथे तिला बाजूला सरकायला जागा नसते. वयाबरोबर मऊ टोपीचे कडक हाड होते. धावताना, उठाबशा काढताना धमनी त्या टोकावर घासते आणि कधीतरी तिला छिद्र पडते. बाहेर आलेले रक्त साठून ठोके देणारा फुगा तयार होतो. कधी आत गुठळी होऊन पाऊल थंड पडते, तर कधी शेजारची शीर दाबली जाऊन पोटरी सुजते. हे क्वचितच घडते, पण घडते ते बहुधा विशीच्या आसपासच्या धडधाकट मुलांत.

लवणीत सूज आली की आपल्याकडे पहिली धाव चोळणाऱ्याकडे. ती चोळू नये. गळू समजून कुणाला चिराही देऊ देऊ नये. आत धमनीचे रक्त असते! सुजेत ठोके लागत असतील, पाऊल थंड, फिकट किंवा बधिर झाले असेल तर 108 ला फोन करा. रक्त पूर्ण थांबले तर साधारण सहा तासांत पाय वाचवणे अवघड होते. जालन्याहून छत्रपती संभाजीनगरची घाटी साठेक किलोमीटर आहे, हे लक्षात घेऊन सकाळची वाट पाहू नका. एक्स-रेत गाठ दिसते, डॉपलर किंवा सीटी अँजिओग्राफीत धमनी. शस्त्रक्रियेत गाठ काढून धमनी शिवतात किंवा रुग्णाच्याच शिरेचा तुकडा जोडतात. रेशन कार्ड, आधार सोबत ठेवा आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल आरोग्यमित्राला विचारा.

काही घरांत अशा अनेक गाठी पिढ्यान्‌पिढ्या दिसतात. ती करणी नाही, जनुकातला बदल आहे. प्रत्येक अपत्यात तो येण्याची शक्यता निम्मी. अशा घरातली मुले राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल तेव्हा हजर राहतील, एवढे कार्यकर्त्यांनी पाहावे, असे आम्हाला वाटते. भरतीच्या सरावाआधी एक एक्स-रेही काढून घ्यावा.