उतावळा खांदा, वाकडा चेंडू

विटी-दांडूत विटी निदान हवेत तरी उडते. क्रिकेटमध्ये चेंडू समोरून अंगावर येतो. गोल्फचा चेंडू मात्र पायाशी निमूट पडलेला असतो. मग तो टोलवण्यात अवघड ते काय? पण नवख्याने जीव खाऊन स्टिक फिरवावी आणि चेंडूने थोडं सरळ जाऊन उजवीकडच्या झाडीत गडप व्हावं, हे दृश्य गोल्फच्या मैदानावर रोजचंच. याला 'स्लाइस' म्हणतात. नवखा खेळाडू दोष देतो हातांना, नाहीतर स्टिकला. खरा गुन्हेगार पुष्कळदा असतो तो उजवा खांदा!

घोटाळा होतो कुठे?

उजव्या हाताने खेळणारा स्टिक मागे नेतो तेव्हा त्याचे खांदे साधारण ९० अंशांत वळतात, कंबर त्याच्या निम्मीच. अंग पिळलेल्या दोरीसारखं ताणलं जातं आणि या पिळातच टोल्याची ताकद असते. आता स्टिक खाली आणायची. इथेच घाई नडते. जोरात मारण्याच्या नादात उजवा खांदा चेंडूकडे झेपावतो. त्यामुळे स्टिक बाहेरून आत अशी तिरकी येते. तिचं तोंड त्या वाटेच्या मानाने उघडं राहिलं की चेंडूला गिरकी मिळते आणि तो उजवीकडे वळतो. पीळ आधीच सुटल्याने जोरही वाया जातो.

होगनचा धडा

अमेरिकेचा बेन होगन टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला लहानपणी कॅडी होता, म्हणजे खेळाडूंच्या स्टिकची पिशवी वाहायचा. तासन्‌तास सराव करून तो अव्वल खेळाडू झाला. २ फेब्रुवारी १९४९ रोजी त्याच्या मोटारीवर समोरून बस आदळली. पत्नीला वाचवण्यासाठी त्याने स्वतःला तिच्यावर झोकून दिलं. त्याच्या कमरेची हाडं मोडली, घोटाही मोडला. पुन्हा चालता येईल की नाही, याचीच शंका होती. पण सोळा महिन्यांनी, पायांना पट्ट्या गुंडाळून खेळत, त्याने १९५०ची यूएस ओपन जिंकली!

१९५७ साली आलेल्या 'फाइव्ह लेसन्स' या पुस्तकात त्याने सांगितलेलं सूत्र सोपं आहे. स्टिक खाली आणण्याची सुरुवात कमरेने करा. खांदे, हात आणि स्टिक यांचा नंबर त्यानंतर.

सराव असा करा

स्टिक खाली यायला लागतो जेमतेम पाव सेकंद. तेवढ्यात विचार करून खांदा आवरणं कुणालाच जमत नाही. म्हणून आधी संथपणे अंगाला सवय लावायची.

• स्टिक मागे नेऊन वर क्षणभर थांबा. मग वजन डाव्या पायावर घ्या आणि डावी कंबर वळू द्या. त्या क्षणी पाठ अजून लक्ष्याकडेच आहे, असं वाटायला हवं.

• उजवं कोपर बरगड्यांजवळ येऊ द्या. उजवा खांदा पुढे न जाता हनुवटीखालून गेला पाहिजे.

• चेंडूच्या पलीकडे चार बोटं अंतरावर पुठ्ठ्याचं रिकामं खोकं ठेवा. स्टिक खोक्याला लागली, तर खांद्याने घाई केली असं समजा.

• पहिले काही दिवस निम्म्याच जोराने मारा. चेंडू सरळ जाऊ लागला की मग जोर वाढवा.

एक मात्र लक्षात ठेवा. खांदा आवरायचा म्हणजे आखडून धरायचा नव्हे. तो वळलाच पाहिजे, फक्त आपली पाळी आल्यावर. आखडलेल्या अंगाने मारलेला टोला पाठीला महागात पडू शकतो. खेळाआधी अंग मोकळं करा आणि पाठीचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

उतावळ्या नवऱ्याच्या गुडघ्याला बाशिंग असतं म्हणतात. गोल्फच्या मैदानावर ते खांद्याला बांधलेलं दिसतं!