तालमीची नोंद मोबाईलवर

२०२५ साली महाराष्ट्र केसरीची स्पर्धा आपल्या अहिल्यानगरात रंगली. भिंगारकडे गटभेटीला गेलो की पोरं आता विचारतात, वजनाच्या व्यायामाची नोंद ठेवायला फुकटचं ॲप कोणतं घ्यावं?

लागणीची तारीख, खताचा हप्ता, पाण्याची पाळी आपण लिहून ठेवतो, तसंच हे. किती किलो, किती सेट, किती वेळा हे लिहिलं, की पुढच्या खेपेला थोडंच वाढवता येतं. ताकद अशीच वाढते. एकदम भार टाकला तर कंबर धरते.

निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. मळ्यात रेंज नसली तरी नोंद व्हावी. जोर-बैठका यादीत नसल्या तर स्वतः घालता याव्यात. नोंद बाहेर काढता यावी, नाहीतर मोबाईल बदलला की वर्षाची मेहनत गेली. ॲण्ड्रॉइडवरचं 'फिटनोट्स' या तिन्हींत बसतं, शिवाय जाहिराती नाहीत. 'स्ट्राँग' चांगलं, पण फुकटात स्वतःची ३ च रूटीन ठेवता येतात.

वर्षाची वर्गणी भरण्याआधी महिनाभर फुकट वापरून पाहावं. ॲप नको असेल तर शंभर पानी वहीही चालेल. नोंद मात्र त्याच दिवशी व्हावी.